मौनाची गाठ

(संस्थेच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त देवळा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्ण महोत्सव हा आनंदाचा प्रसंग आहे. अशा प्रसंगी दुःखाचा विषय कशाला, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. परंतु संस्थेचे पन्नास वर्षांचे आयुष्य म्हणजे केवळ उत्सवांचे, पारण्यांचे आणि देणग्यांचे आयुष्य नव्हे. या पन्नास वर्षांत गावातील प्रत्येक घराने कोणाला ना कोणाला निरोप दिलेला आहे. काही निरोप वयाप्रमाणे आले, काही अवेळी आले, आणि काही असे आले की त्यानंतर त्या घरातले बोलणेच थांबले. ज्यांचे बोलणे थांबले, त्यांच्याविषयी आजचा विचार आहे.

मौन दोन प्रकारचे

जैन परंपरेत मौनाला फार मोठे स्थान आहे. वचनगुप्ती ही तीन गुप्तींपैकी एक. मौन एकादशीचा उपवास आजही अनेक घरांत होतो. भगवान महावीरांनी दीक्षेनंतरची साडेबारा वर्षे बहुतांशी मौनात काढली. मौन म्हणजे साधना, मौन म्हणजे संयम, हे संस्कार लहानपणापासून मनावर झालेले असतात.

परंतु स्वेच्छेने धारण केलेले मौन वेगळे आणि आघाताने लादलेले मौन वेगळे. पहिल्या मौनात मन स्थिर होते, दुसऱ्या मौनात मन कोंडले जाते. पहिले मौन साधक स्वतः सोडू शकतो. दुसरे मौन सोडावेसे वाटले तरी सुटत नाही, कारण शब्द ओठांपर्यंत येतात आणि परत जातात. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात, आणि इथेच समाजाची फसगत होते. एखादी भगिनी पती गेल्यावर महिनोन्महिने काही बोलत नाही, रडतही नाही, तेव्हा लोक म्हणतात, "किती धीराची आहे!" तो धीर असेलही. पण तो धीर आहे की गोठलेले दुःख आहे, याची चौकशी कोणी करीत नाही.

महावीरांच्या मौनाविषयी आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. साडेबारा वर्षांनंतर, केवलज्ञान झाल्यावर, भगवंत बोलले. पुढची तीस वर्षे त्यांनी गावोगावी देशना दिली. त्यांच्या मौनाची परिणती वाणीत झाली आणि त्या वाणीने असंख्य जीवांचे कल्याण झाले.

मेशीजवळची विहीर

दूरच्या गोष्टींकडे जाण्यापूर्वी आपल्याच तालुक्यातील एक दिवस आठवावा लागेल. २८ जानेवारी २०२०, मंगळवार. मालेगाव-देवळा रस्त्यावर मेशी फाट्याजवळ धुळ्याहून कळवणकडे निघालेली एस. टी. बस आणि एक ॲपे रिक्षा यांची धडक झाली, आणि दोन्ही वाहने रस्त्याकडेच्या विहिरीत कोसळली. रिक्षा खाली आणि बस वर. २६ माणसे गेली. रिक्षात एकाच कुटुंबातील अनेक जण होते. आसपासच्या शेतांतून माणसे धावून आली. दोर आले, शिड्या आल्या, पाणी उपसण्यासाठी पंप लागले, क्रेन आली. कोण कोणत्या जातीचा, कोण कोणत्या धर्माचा, हे त्या संध्याकाळी कोणी विचारले नाही. जो हाती लागला त्याला वर काढले.

या घटनेची बातमी देशभर गेली. शासनाने मदत जाहीर केली. काही दिवसांनी वर्तमानपत्रांतून ती बातमी मागे पडली. परंतु विहिरीतून जी माणसे जिवंत वर आली, त्यांच्या मनातून ती विहीर कशी जाईल? एकाच बाकावर बसलेल्या दोघांपैकी एक वाचतो आणि एक जातो, तेव्हा वाचलेल्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, "मीच का वाचलो?" हा प्रश्न तो कोणाला विचारणार? घरचे म्हणतात, "देवाची कृपा, वाचलास! आता त्याचा विचार करू नकोस." हे म्हणणे प्रेमाचे असते, पण त्यामुळे बोलण्याचे दारही बंद होते.

आणि ज्यांनी दोर धरले, ज्यांच्या हातांनी मृतदेह वर घेतले, त्यांचे काय? त्यांना शाबासकी मिळाली, ती मिळायलाच हवी होती. पण त्या रात्री त्यांना झोप लागली का, पुढे विहिरीच्या काठावर उभे राहताना त्यांच्या मनात काय येते, हे किती जणांनी त्यांच्याजवळ बसून विचारले असेल? मदत करणाराही त्या दुःखाचा साक्षीदार असतो, आणि साक्षीदाराच्या मनावरही घाव होतो.

किल्लारी

महाराष्ट्राच्या इतिहासात हा विषय सर्वांत मोठ्या प्रमाणावर समोर आला तो किल्लारीच्या भूकंपाने. २९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. गावोगावी गणपतीचे विसर्जन झाले, माणसे उशिरा घरी परतली आणि गाढ झोपी गेली. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांच्या सीमेवरील गावे हादरली. त्या भागातील घरे दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि वर मातीच्या जड माळवदाची. उन्हाळ्यात गारवा देणारे हेच माळवद त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर आले. किल्लारी, मंगरूळ, सास्तूर, होळी, राजेगाव, पेठ सांगवी ही नावे तेव्हा प्रत्येक घरात पोहोचली. सरकारी आकड्यानुसार जवळपास आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. ५२ गावे जुन्या जागेवरून हलवून नव्याने वसवावी लागली.

घरे बांधणे हे अवघड काम होते, पण ते होण्यासारखे होते. जागतिक बँकेचे साहाय्य आले, शासनाने नियोजन केले, अनेक संस्थांनी गावे दत्तक घेतली. सिमेंटची पक्की घरे उभी राहिली. परंतु जुन्या गावात गल्लीच्या तोंडाशी पार होता, ओसरीला लागून ओसरी होती, एकीने हाक मारली की दुसरी ओ देत होती. नव्या गावात रस्ते सरळ आणि रुंद झाले, घरे लांब-लांब झाली. घर मिळाले, पण शेजार हरवला. आणि ज्याला दुःख सांगायचे तो शेजारी एक तर ढिगाऱ्याखाली गेला होता, नाहीतर चार रांगा पलीकडे राहायला गेला होता. अनेकांना छताखाली झोपण्याचीच भीती वाटू लागली. दगडी भिंत दिसली की अंगावर काटा येई. सर्वांचेच माणूस गेलेले, तेव्हा कोणी कोणाजवळ रडावे, असा तो प्रश्न होता.

बाराशे मुले

या ठिकाणी जैन समाजाला अभिमान वाटावा असे एक काम झाले. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जैन संघटनेचे संस्थापक शांतिलालजी मुथ्था हे भूकंपानंतर त्या भागात गेले. धान्य, कपडे, भांडी हे सर्व देशभरातून येत होते. पण ढिगाऱ्याशेजारी बसून राहिलेल्या मुलांचे काय करायचे, याचे उत्तर कोणत्याही ट्रकमधून येत नव्हते. संघटनेने भूकंपग्रस्त कुटुंबांतील बाराशे मुलांना पुण्यात आणले आणि त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी घेतली. पुढे वाघोली येथे त्यासाठी शैक्षणिक पुनर्वसन केंद्र उभे राहिले. भूकंपग्रस्त मुलांनंतर मेळघाटातील आदिवासी मुले आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुलेही तेथे शिकली.

या कामाकडे आपण बहुधा शिक्षणाचे काम म्हणून पाहतो. परंतु जरा थांबून विचार करावा. बाराशे मुले एकत्र राहत होती आणि त्या प्रत्येकाच्या मागे तीच पहाट होती. गावाकडे एखादे मूल रात्री दचकून उठले, तर घरातील मोठ्यांना ते पाहवत नसे, कारण त्यांचे स्वतःचे दुःख ताजे होते. येथे शेजारच्या गादीवरच्या मुलाला दचकणे म्हणजे काय ते सांगावे लागत नव्हते. दुःख सारखे असले की भाषा सोपी होते.

लहान मुलांचे मौन ओळखणे कठीण असते. मूल खेळते, जेवते, म्हणून मोठ्यांना वाटते की ते विसरले. प्रत्यक्षात ते बोलत नाही एवढेच. कधी ते चित्रात पडलेले घर काढते, कधी खेळताना बाहुलीला पुन्हा पुन्हा मातीत पुरते, कधी अंथरूण ओले करते, कधी अभ्यासात एकदम मागे पडते. ज्याला हे वाचता येते, तो त्या मुलाला शब्द सापडेपर्यंत वाट पाहतो. ज्याला वाचता येत नाही, तो त्याला रागावतो. त्या वेळी पुण्याला आलेली मुले आज चाळिशीच्या आसपास आहेत आणि स्वतः आई-बाप झालेली आहेत. शाळा, जेवण आणि नियमित दिनक्रम यांनी त्यांना उभे केले. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपण एकटे नाही ही जाणीव त्यांना रोज मिळत राहिली.

संवाद सहायक

किल्लारीच्या परिसरातील दुसरी गोष्ट स्त्रियांची आहे. भूकंपाने मोडकळीस आलेली, पण उभी असलेली हजारो घरे दुरुस्त करून बळकट करण्याचा मोठा कार्यक्रम शासनाने हाती घेतला. त्यात लोकांचा सहभाग मिळवण्याचे काम प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेकडे आले. संस्थेने गावोगावच्या महिलांनाच पुढे केले. त्यांना नाव दिले 'संवाद सहायक'. घराची दुरुस्ती कशी करायची, पैसे कसे मिळतात, भिंतीला बळकटी कशी द्यायची, हे त्या घरोघरी जाऊन समजावू लागल्या.

काम घरदुरुस्तीचे होते. परंतु नावात 'संवाद' होता आणि तो प्रत्यक्षात उतरला. जी बाई कधी चार माणसांत बोलली नव्हती, ती ग्रामसभेत उभी राहिली. घराच्या भिंतीविषयी बोलता बोलता त्या भिंतीखाली गेलेल्या माणसाविषयीही बोलणे झाले असेल, हे सांगायला कोणी अभ्यासक लागत नाही. दुःखाचे बोलणे नेहमी दुःखापासून सुरू होत नाही. ते पुष्कळदा कामापासून, पिकापासून, मुलांच्या शाळेपासून सुरू होते आणि आपल्या वाटेने मूळ जागी पोहोचते.

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादकडील या महिला गुजरातेत गेल्या. भाषा वेगळी, पोशाख वेगळा. पण "आमचंही असंच झालं होतं" हे एक वाक्य सर्वांना समजले. गुजरातेतील भगिनींनी त्यांच्याकडे पाहिले आणि त्यांना कळले की अशा रात्रीनंतरही माणूस पुन्हा उभा राहतो, कारण उभी राहिलेली बाई समोर बसलेली होती. त्याच भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने गुजरातेत ३६८ शाळा बांधल्या. किल्लारीने महाराष्ट्राला जे शिकवले, ते असे दुसऱ्याच्या उपयोगी पडले. मौन सुटले की दुःख संपते असे नाही, पण त्याचा उपयोग होऊ लागतो.

जग काय सांगते

दुसऱ्या महायुद्धात ज्यूंचा जो संहार झाला, त्यातून एली वीझेल नावाचा सोळा वर्षांचा मुलगा वाचला. आई, वडील आणि धाकटी बहीण त्याने गमावली. त्या अनुभवाविषयी दहा वर्षे काही लिहायचे नाही, असे त्याने ठरवले होते. योग्य शब्द सापडेपर्यंत बोलू नये, असे त्याला वाटत होते. दहा वर्षांनंतर त्याने लिहिले. त्याचे पुस्तक फ्रेंच भाषेत १९५८ साली आले आणि १९८६ साली त्याला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. फाळणीच्या वेळी स्त्रियांनी जे भोगले त्यावर घरोघरी पन्नास वर्षे पडदा राहिला. उर्वशी बुटालिया यांनी त्या स्त्री-पुरुषांच्या आठवणी ऐकून लिहिलेले पुस्तक १९९८ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे बोलण्यासाठी कोणाला दहा वर्षे लागतात, कोणाला पन्नास.

वैद्यकशास्त्रानेही या अवस्थेची दखल घेतली आहे. भयंकर प्रसंगानंतर तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे, झोप उडणे, लहानशा आवाजाने दचकणे, ती जागा किंवा तो विषय टाळणे, मन बधिर होणे, ही लक्षणे महिना उलटूनही राहिली तर तो आजार समजला जातो. १९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने त्याला स्वतंत्र निदानाचा दर्जा दिला. हा वेडेपणा नव्हे आणि मनाचा दुबळेपणाही नव्हे. पाय मोडल्यावर लंगडणारा माणूस जसा दुबळा नसतो, तसाच हा.

१९८६ साली जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार दिवस, दररोज पंधरा मिनिटे, आयुष्यातील सर्वांत क्लेशकारक अनुभवाविषयी लिहायला सांगितले. काहींनी लिहिताना घटना आणि भावना दोन्ही मांडल्या. लिहिल्यावर त्यांना लगेच बरे वाटले नाही. उलट मन अधिक जड झाले. परंतु पुढील काही महिन्यांत त्यांना दवाखान्यात जाण्याची गरज कमी पडली. लिहिलेले कोणाला दाखवायचेही नव्हते. ज्यांना बोलणे जमत नाही, त्यांच्यासाठी वही हा सुद्धा श्रोता आहे.

परंतु याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. दुर्घटनेनंतर लगेच माणसाला बसवून "सांग, काय झाले ते सगळे सांग" असा आग्रह धरल्याने फायदा होत नाही, काहींना त्रासच होतो, असे संशोधनाने दाखवले आहे. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेत बोलायला भाग पाडू नये असे सांगितले आहे. गरज काय आहे ते पाहावे, जो बोलेल त्याचे ऐकावे, आणि योग्य मदतीशी त्याला जोडून द्यावे, एवढेच त्यात अपेक्षित आहे. कापडाच्या व्यवहारातील माणसाला हे चटकन पटेल. सुताचा गुंता झाला की ओढायचा नसतो. ओढला तर गाठ पक्की होते. हलक्या बोटांनी, एकेक पदर सोडवत बसावे लागते, आणि त्याला वेळ लागतो.

आपली परंपरा काय सांगते

दुःख बोलून हलके करण्याची शिकवण परकी नाही. आलोचना ही आपलीच परंपरा आहे. लहान मूल आईपुढे जसे सरळपणे सर्व सांगते, तसे साधकाने गुरूपुढे सांगावे, असे त्यात अपेक्षित आहे. त्याहून लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे, सांगणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यावर आगमांनी कडक अटी घातल्या आहेत. आलोचना ऐकणाऱ्याच्या गुणांत एक गुण आहे 'अपरिस्रावी'. म्हणजे ज्याच्यातून काही पाझरत नाही असा. ऐकलेले ज्याच्या पोटात राहते, तोच ऐकायला पात्र. गावात एखाद्याने मन मोकळे केले आणि दुसऱ्या दिवशी ते चार दुकानांच्या ओट्यांवर पोहोचले, तर तो माणूस पुन्हा आयुष्यात तोंड उघडत नाही. पुष्कळांच्या मौनाचे कारण दुःख नसून ही भीती असते.

अर्थात आलोचना दोषांची असते, आणि आपत्तीत सापडलेला माणूस दोषी नसतो. हा फरक सांभाळला पाहिजे. वाचलेल्या माणसाच्या मनात न केलेल्या अपराधाचे ओझे असते. "त्या दिवशी मी त्याला गाडीवर पाठवले नसते तर", "दवाखान्यात एक तास आधी नेले असते तर" असे शेकडो 'तर' तो मनात मोजत बसतो. ते मोठ्याने उच्चारले गेले, की निदान ऐकणारा सांगू शकतो, "नाही, तुझा यात काही दोष नव्हता." मनातल्या मनात ते कोणीच सांगत नाही.

गौतमस्वामींचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. कार्तिक अमावस्येला पावापुरीत भगवंतांचे निर्वाण झाले, तेव्हा गौतम जवळच्या गावी प्रतिबोधासाठी गेले होते. वार्ता कळताच चार ज्ञानांचे धनी असलेले गणधर लहान मुलासारखे शोक करू लागले. अंतकाळी मला दूर का पाठवले, असा त्यांचा विलाप होता. आपल्या परंपरेने तो विलाप झाकून ठेवला नाही. तो अडीच हजार वर्षे जपून सांगितला. त्या विलापातूनच त्यांचे चिंतन वळले आणि पहाटेपर्यंत त्यांना केवलज्ञान झाले. गणधरांना जर रडण्याची मुभा आहे, तर साध्या श्रावकाला का नसावी? शास्त्राने इष्टवियोगाच्या चिंतेत बुडून राहण्याला आर्तध्यान म्हटले आहे आणि त्यातून बाहेर यायला सांगितले आहे. पण बाहेर येण्यासाठी आधी आपण कोठे आहोत हे कबूल करावे लागते. दाबून ठेवलेले आर्तध्यान हे धर्मध्यान होत नाही.

येथे एक नाजूक गोष्ट स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. तरुण मुलगा अपघातात गेलेल्या आईला भेटायला जाऊन "पूर्वकर्माचा उदय, दुसरे काय!" असे सांगण्याची सवय अनेकांना आहे. कर्मसिद्धांत सत्य आहे. परंतु तो स्वतःच्या दुःखाकडे समतेने पाहण्यासाठी दिलेला दिवा आहे. दुसऱ्याच्या जखमेवर धरण्यासाठी नव्हे. ते वाक्य ऐकून त्या आईला काय वाटते? आपल्याच पापाने मुलगा गेला, असे वाटते. त्यानंतर ती का बोलेल?

आपल्या रीती आणि त्यांचे सामर्थ्य

आपल्या पूर्वजांनी दुःखासाठी रीती घालून दिल्या. उठावणा, बैठक, दुखवटा. नातेवाईक टॉवेल-टोपी, साडी-चोळी घेऊन येतात. त्या कापडाची किंमत फार नसते. परंतु "आता पुन्हा माणसांत या" असे न बोलता सांगण्याची ती पद्धत आहे. या रीतींमुळे घर काही दिवस माणसांनी भरलेले राहते.

काही रीती मात्र सोडून देणे योग्यच होते. जुन्या मारवाडी घरांत पती गेलेल्या स्त्रीला महिनोन्महिने कोपऱ्यात बसवून ठेवीत. तिच्या मौनाला प्रतिष्ठा दिली गेली आणि तिचे आयुष्य त्या कोपऱ्यात संपले. आज ते बहुतेक ठिकाणी बंद झाले आहे. परंतु घरात फिरणारी, स्वयंपाक करणारी, हसून पाहुण्यांना पाणी देणारी स्त्रीसुद्धा मनाने त्या कोपऱ्यात बसलेली असू शकते.

२०२० आणि २०२१ या करोनाच्या वर्षांत तर सगळ्याच रीती मोडल्या. घरातील माणूस रुग्णवाहिकेत बसून गेला तो परत आला नाही. शेवटचे तोंड पाहता आले नाही, खांदा देता आला नाही, उठावणा फोनवर झाला. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून किमान २२ रुग्णांचा मृत्यू झाला. नातेवाईक तेथेच होते आणि काही करू शकत नव्हते. त्या दोन वर्षांत ज्यांनी माणसे गमावली, त्यांच्या दुःखाला बैठकच मिळाली नाही. अनेक घरांत ती बैठक अजून व्हायची आहे.

आपल्या भागात आणखी एक मौन आहे, ते शेतकऱ्याच्या घरचे. कांद्याचा भाव पडला, कर्ज वाढले आणि घरच्या कर्त्याने जीव दिला, तर त्या घराला दुःखाबरोबर लाजही वाटते. कसा गेला हे लपवले जाते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायला सांगितले आणि तिच्यावरील उपचारांची जबाबदारी शासनावर टाकली. कायदा बदलला, समाजाची नजर अजून बदलायची आहे.

संस्थेने काय करावे

आता मुख्य मुद्दा. पन्नास वर्षे संस्थेने स्थानक सांभाळले, चातुर्मास घडवले, गरजूंना हात दिला. साधर्मिक वात्सल्य म्हटले की डोळ्यांसमोर जेवण येते. एकावन्नाव्या वर्षापासून त्यात श्रवणाची भर पडावी. त्यासाठी इमारत लागत नाही, फंड लागत नाही.

पहिली गोष्ट, कालावधीची. मृत्यूनंतर पहिले बारा-तेरा दिवस घर भरलेले असते आणि नंतर एकदम रिकामे होते. खरी गरज त्यानंतर सुरू होते. तीन महिन्यांनी, पहिल्या पर्युषणात, पहिल्या दिवाळीला आणि पहिल्या पुण्यतिथीला कोणीतरी त्या घरी जावे. वहीत तारीख लिहून ठेवावी, जशी उधारीची लिहितो तशी.

दुसरी गोष्ट, माणसांची. संस्थेने दोन पुरुष आणि दोन स्त्रिया अशा चार अपरिस्रावी व्यक्ती निवडाव्यात. वय, पैसा, पद पाहू नये. पोटात गोष्ट राहते का, एवढेच पाहावे. त्यांनी उपदेश करू नये, तुलना करू नये, "आमच्याकडे तर याहून वाईट झाले होते" असे म्हणू नये. गेलेल्याचे नाव घ्यावे. नाव घेतल्याने दुःख वाढेल या भीतीने लोक ते टाळतात. पण ज्याचे नाव सगळ्यांनी घेणे सोडले, तो माणूस घरच्यांना दुसऱ्यांदा गेल्यासारखा वाटतो.

तिसरी गोष्ट, मर्यादेची. ऐकणारा हा डॉक्टर नव्हे. झोप, जेवण, काम महिनोन्महिने बिघडलेले असेल, किंवा "जगून काय उपयोग" असे शब्द येत असतील, तर विलंब न करता तज्ज्ञाकडे न्यावे. २०२२ च्या ऑक्टोबरपासून शासनाची टेलि-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक स्थानकाच्या फलकावर तिथी-वारांच्या शेजारी लिहिला जावा.

चौथी गोष्ट, मर्यादा ओलांडण्याची. हे श्रवण केवळ जैनांपुरते नसावे. मेशीजवळच्या विहिरीवर दोर धरणाऱ्यांनी धर्म विचारला नव्हता.

संवत्सरीच्या दिवशी आपण घरोघरी जाऊन 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतो. कळत-नकळत बोलण्याने कोणाला दुखावले असेल त्याची क्षमा मागतो. पण कोणाचे न ऐकल्याने, कोणाच्या दारावरून नुसते पुढे गेल्याने जे दुखावले गेले असेल, त्याचाही त्यात समावेश आहे, हे ध्यानात ठेवावे. पुढच्या संवत्सरीला अशा एका घरी जावे जेथे बोलणे थांबलेले आहे. हात जोडावेत आणि लगेच उठू नये. थोडा वेळ बसावे. समोरचा बोलला नाही तरी बसावे, आणि पुन्हा यावे.